समजलं, आई

पंखेवाल्याच्या दुकानात मी पाय ठेवला तो भांडायच्या तयारीनं. जिना उतरतानाच चार वाक्यं तोंडात घोळवून गुळगुळीत करून ठेवली होती. माझ्या खोलीतला पंखा त्यानं नवं वाइंडिंग भरून दिला होता आणि तो उलटा फिरत होता. फिरत होता झकास, खरखर नाही, हेलकावा नाही, पण वारा सगळा छताला. खाली मी घामानं निथळतेय आणि वर कोळिष्टकं सुखानं डुलतायत. असलं काम करून ठेवल्यावर बोलायचं नाही तर काय आरती ओवाळायची? पण आत शिरले आणि पाहिलं तर त्याचे दोन्ही हात मनगटापासून बोटांपर्यंत पांढऱ्या प्लास्टरमध्ये. स्टुलावर बसला होता, मांडीवर ते हात ठेवून, कुणीतरी जरा सांभाळ म्हणून दुसऱ्याची वस्तू दिल्यासारखे. मला बघून उठला. इतक्या घाईनं उठला की स्टूल आडवं झालं. ते उचलायला वाकला आणि मग त्याच्या ध्यानात आलं की उचलायचं कशानं. तसाच वाकलेला राहिला. म्हणाला, "आईसाहेब, माणूस पाठवायचा होतात. तुम्ही कशाला जिने उतरलात?" मी विचारलं, "हे काय रे झालं?" "काही नाही. पडलो." "दोन्ही हातांवर? मांजर आहेस का?" मला वाटलं हसेल. माझ्या बोलण्यावर गल्ली हसते, ती माझी आयुष्याची कमाई आहे. तो हसला नाही. आधी त्यानं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, हसायचं आहे की नाही ते तिथे लिहिलेलं असावं तसं. आणि मग हसला. 

मागच्या बाजूला त्याची बायको तांब्याच्या तारेचा गुंता सोडवत बसली होती. तिनं मान वर केली नाही. तारेशीच बोलावं तशी म्हणाली, "विचारतायत कशाला? गॅलरीत उभ्या राहून तुम्हीच म्हणालात ना, हात झडले मेल्याचे? झडले. तुमच्या धाकट्याच्या त्या दोघांनी आधी तुमचं वाक्य म्हणून दाखवलं, मग लोखंडी पट्टी काढली. बघायला आला असाल तर बघून घ्या." पंखेवाला मध्ये आला. त्याच्या अंगाला व्हार्निशचा वास होता आणि त्याच्या खाली दुसरा एक वास, आंबूस, घाबरलेल्या माणसाला येतो तो. "तिला ताप आहे, आईसाहेब. तापात बरळते. तिचं मनावर घेऊ नका. आणि कुणाला सांगू नका, ती असं म्हणाली म्हणून." एरवी कुणाची बायको मला असं बोलली असती तर मी तिच्या माहेरापर्यंत जाऊन आले असते. त्या दिवशी घोळवलेली चार वाक्यं तशीच तोंडात घेऊन मी मागे वळले. पाठीमागे त्यानं सुटकेचा श्वास सोडलेला मला ऐकू आला.

घरी येताना मी भिंतीच्या कडेनं चालले. उन्हात डोळे दिपत होते. हात झडले मेल्याचे. हे मी म्हणाले होते, नाकबूल करत नाही. पण ते म्हणणं म्हणजे काही म्हणणं असतं का? माझी आई दूध उतू गेलं की म्हणायची, मसणात जा. कुणाला? दुधाला. मुडदा बसवला तुझा, जेवलीस का गं, हे ती एका श्वासात म्हणायची आणि मला पोटाशी घ्यायची. मी माझ्या थोरल्याला मेल्या म्हटल्याशिवाय कधी जेवायला हाक मारली नाही, आणि तो मेला चांगला दाराएवढा झाला. ज्यांच्या हातात काही नसतं त्यांच्या तोंडात सगळं असतं, असं आमचं आहे. शाप लागत नाही हे पक्कं ठाऊक असतं म्हणून तर तो तोंड भरून देता येतो. लागत असता तर मालधक्क्यावरचा एकही मुकादम हातीपायी धड राहिला नसता. तिथे आम्ही बायका फाटकी पोती शिवायला बसायचो, रांगेनं, मांडीवर गोणपाट आणि हातात दाभण. धुळीनं नाकपुड्या काळ्या, केसांत धान्याचा कोंडा. समोरून हमाल पाठीवर पोती घेऊन जायचे आणि जाता जाता काहीबाही बोलायचे, आणि मी त्यांना असं उत्तर द्यायची की सगळी रांग दाभण खाली ठेवून हसायची. एक हमाल तर हसताना पोत्यासकट बसला होता. मला अक्षरओळख म्हणाल तर पोत्यावरचे शिक्के वाचण्यापुरती. पण मला कुणी गप्प केलं नाही. नवऱ्यानं नाही, मुकादमानं नाही.

नवरा गेला तो त्याच मालधक्क्यावर. पोत्यांची थप्पी कोसळली आणि तो खाली. कंत्राटदार म्हणाला, हा माणूस आज कामावर नव्हताच. मग तो काय तिथे झोपायला आला होता? हे मी विचारलं. ज्या ज्या कचेरीत विचारायचं तिथे विचारलं. एका साहेबाच्या दाराबाहेर बाकावर बसून माझी कंबर धरली. धाकटा तेव्हा माझ्या गुडघ्याएवढा, माझ्या शेजारी पाय हलवत बसलेला. एक माणूस आला, साध्या कपड्यांतला, पायात चपला. हाक मारली नाही, चिठ्ठी दिली नाही, बाकावर बसला नाही, सरळ आत गेला. दार उघडं राहिलं त्यातून आम्ही बघितलं की साहेब खुर्चीवरून उठून उभा राहिलाय. धाकट्यानं विचारलं, हा कोण गं? मी म्हणाले, ज्याला बसावं लागत नाही तो. कंबर दुखत होती, आणि बोलण्याची सवय. थोरलाही होता बरोबर, पण तो बाकाखाली गेलेली आपली गोटी शोधत होता. लोक मला नंतर विचारायचे, एका पोटचे दोघे, एक बस चालवतो आणि एक गाव चालवतो, हे कसं काय? मी म्हणायची, एकाच तव्यावरची एक भाकरी फुगते, एक नाही. लोक माना डोलवायचे. त्या दिवशी चालताना मला तो साहेबाचा दरवाजा दिसत राहिला, आणि हलणारे ते लहान पाय थांबले होते तो क्षण.

धाकटा मोठा झाला तोही मालधक्क्यावरच. आधी कुणी पहिलं पोतं उचलायचं ते तो ठरवायला लागला. मग रात्री उभ्या असलेल्या ट्रकांच्या ताडपत्र्या फाटायला लागल्या, आणि ज्या ट्रकवाल्यांनी त्याची माणसं राखणीला ठेवली त्यांच्या फाटेनाशा झाल्या. फाडणारे त्याचेच होते आणि राखणारेही त्याचेच. हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही, मी काही दुधपिती नाही. पण त्याच वेळी माझ्या दारात माणसं यायला लागली होती. एका बाईचं सामान घरमालकानं रस्त्यावर फेकलं. ती ठाण्यावर गेली तर म्हणाले, कागद आण. वकिलाकडे गेली तर म्हणाला, लागतील काही वर्षं. माझ्याकडे आली तेव्हा मी धाकट्याला एवढंच म्हटलं, बघ रे जरा. दिवस मावळायच्या आत तिची चूल तिच्या घरात पेटली. ज्या कचेऱ्यांनी मला बाकावर बसवून ठेवलं त्यांच्या नाकावर टिच्चून. मला आनंद झाला, का होऊ नये? गॅलरीत माझी खुर्ची टाकली गेली. खालून जाणारे मान झुकवून जायला लागले, बाजारात मला रांग राहिली नाही. मी समजत होते की हा माझा दरारा. माझ्या कष्टाचा, माझ्या खरं बोलण्याचा. खालच्या मजल्यावरची, जिच्याशी माझं उभं आयुष्य हाडवैर, जी माझ्या एकाला दोन ऐकवायची, तीही अलीकडे म्हणायची, बरोबर आहे हो तुमचं. मी म्हणायची, वयानं मवाळ झाली बिचारी. आता जिना चढताना मला आठवायला लागलं की माझ्याशी शेवटचं कोण भांडलं होतं, आणि मला आठवेना. म्हणजे इतके दिवस मी एकटीच भांडत होते. समोरच्यांनी कधीच मैदान सोडलं होतं, आणि मी रिकाम्या मैदानात दंड थोपटत होते.

जिन्यात नेहमीच्या पायरीवर मास्तर बसला होता. हा धाकट्याचा उजवा हात. कुठल्या शाळेत कधी शिकवलं नाही यानं, पण नीट भांग, हळू बोलणं, म्हणून मास्तर. दातांत सदा काडी. माझ्या गुडघ्यांचं मलम संपायच्या आत आणून ठेवणार, माझ्या हातातली पिशवी घेणार. मी त्याला म्हणायची, तू माझ्या पोटी यायचास तो वाट चुकलास. मी म्हटलं, "पंखेवाल्याचे हात कुणी मोडले?" तो उठून उभा राहिला. "तुम्हाला मनस्ताप दिला ना त्यानं." "मी सांगितलं होतं मोडायला?" "सांगायला कशाला लागतं, आई. समजून घ्यायचं असतं." "आणि धाकट्यानं? त्यानं सांगितलं?" मास्तरनं काडी काढून खिशात ठेवली. मोठ्यांशी बोलताना तो काडी काढतो, तेवढं वळण आहे. "भाऊंनी आजपर्यंत कुणाला मार म्हटलेलं मी ऐकलं नाही. मारबीर हा शब्दच नाही त्यांच्या तोंडात. ते फक्त म्हणतात, अमक्याचं काय करावं, डोकं दुखतं. मग आम्ही डोकेदुखी घालवतो. भाऊंना कळतसुद्धा नाही कुणी घालवली. कुणी विचारलं तर ते शपथेवर सांगू शकतात, मी काही बोललो नाही." असं म्हणून त्यानं माझा दंड धरला, वरच्या दोन पायऱ्या उंच आहेत म्हणून. त्याचा हात कोमट आणि कोरडा होता. मला तो झटकावासा वाटला आणि गुडघ्यांनी झटकू दिला नाही.

त्यानंतर कित्येक दिवस माझं तोंड म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी तोंड झालं. आरशात बघताना ओठांकडे बघायची. सून, धाकट्याची बायको, माझ्याजवळच राहते. ती भाजीत मीठ जास्त घालायची आणि मी म्हणायची, छान झालीय. ती बावरून जायची. तिला वाटायचं, सासूबाईंना काहीतरी होतंय, डॉक्टरला बोलवावं. आणि रात्रंदिवस डोळ्यांसमोर ते दोन पांढरे हात. तार गुंडाळायचं त्याचं काम मी बघितलं होतं पूर्वी. केसासारखी बारीक तार, बोटांनी ताणत, खाच सोडून खाच भरत न्यायची, बोलताबोलता, वर न बघता. एकदा मी विचारलं होतं, चुकत नाही का रे? तर म्हणाला होता, बोटं मोजतात, मी नाही. ती बोटं. शेवटी मला वाटलं, ज्या तोंडानं घेतलं त्या तोंडानं देता येईल. मी मुद्दाम, मास्तर ऐकेल अशा आवाजात, सुनेला म्हणाले, "त्या पंखेवाल्याचं कसं व्हायचं गं? त्याचं दुकान बोळात. मोठ्या रस्त्यावर एखादा गाळा असता तर माणूस ठेवून तरी धंदा केला असता बिचाऱ्यानं."  मला वाटलं, चांगलं काम केलं. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

आणि मग एका सकाळी गॅलरीतून बघते तर मोठ्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याचं दुकान रस्त्यावर आलेलं. काचेची कपाटं, चष्म्यांच्या काड्या, भिंतीवरचा तो अक्षरांचा तक्ता, वर मोठं अक्षर आणि खाली बारीक होत जाणारी, सगळं हातगाडीवर रचलेलं, आणि चष्मेवाला म्हातारा एका हातात स्वतःचा डबा धरून फूटपाथवर उभा. माझा चष्मा त्यानंच केला होता, म्हणाला होता, तुमची नजर अजून धारदार आहे. आता तो वर माझ्याकडे बघत होता. शिवी नाही, हात वर नाही, काही नाही. ज्याला काही विचारायचंच उरलं नाही असा बघत होता. त्या दुकानात पंखेवाल्याला आणून बसवलेला. दुपारी तो माझ्याकडे आला. जिन्यावर मास्तर असतो म्हणून की काय, इतका हळू बोलला की मला ओठ बघावे लागले. "आईसाहेब, मला नको तो गाळा." "मग नको म्हणून सांग." "नको म्हणायची भीती वाटते. घ्यायचीही भीती वाटते. तो म्हातारा माझ्या बापासारखा, त्याच्या खुर्चीवर मला बसवलंय, खुर्ची अजून त्याच्या आकाराची आहे." मी म्हणाले, "मी तुझं भलं व्हावं म्हणून..." आणि त्यानं मान हलवली. पहिल्यांदाच माझं बोलणं तोडलं त्यानं. "माझं भलं नको, वाईट नको. तुम्ही माझ्याबद्दल काही बोलूच नका. माझं नाव तुमच्या तोंडात येऊ देऊ नका, एवढे उपकार करा." तो गेला. मी खुर्चीवर बसून राहिले. बाजारात माणसं चालत होती, बोलत होती, कुणी कुणाला शिव्या देत होतं, खुशाल, मोकळेपणी, आणि मला त्यांचा असा हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. मला कळलं ते असं की माझ्या तोंडातून निघालेला शब्द वाटेतच कुणीतरी उचलतो आणि पुढे नेताना त्याला पट्टी जोडतो. चांगला असो, वाईट असो. त्याला फरक पडत नाही. त्याला फक्त काम लागतं.

थोरला आला तो अजून युनिफॉर्मवर होता. त्याचं घर लांब आहे. सणावारीसुद्धा तो आमच्याकडे फिरकत नाही, कारण धाकट्याच्या घरातलं पाणीसुद्धा त्याला नको. दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "काय राणीसाहेब, कसा चाललाय कारभार?" मी म्हटलं, "टोमणे मारायला आलास की आईला बघायला?" "बघितलं की. कोपऱ्यावरही बघितलं. बस घेऊन चाललो होतो, तर म्हाताऱ्याची कपाटं रस्त्यात. गाडी थांबवली. चाळीस माणसं आत, मागे हॉर्न. कुणी उतरलं नाही. त्याला ढकलणारे दोघं मी ओळखतो, तूही ओळखतेस, इथेच जेवतात ते. म्हातारा तक्रार द्यायची म्हणतोय. साक्षीला माणूस नाही. मी जाणार." मी म्हणाले, "तुला काय पडलंय?" "मला हेच पडलंय. बाबांच्या वेळी थप्पीपाशी वीस हमाल होते. एकानं तरी सांगितलं का, हा कामावर होता म्हणून? तेव्हा तू त्यांना काय काय बोलली होतीस, विसरलीस?" आणि हा हसला, माझ्या नवऱ्यासारखा, तोंडाच्या एका कोपऱ्यातून.  त्याला काही झालं तर, या भीतीनं माझं अंग पेटलं, आणि भीती वाटली की मी काय करते? जे माझी आई करायची तेच. मी ओरडले, "ठाण्याची पायरी चढलास तर तंगडं मोडीन तुझं, मेल्या! पुन्हा चालता यायचं नाही!"

जिन्यात मास्तरची काडी चावणं थांबलं. मला ते ऐकू आलं. इतके दिवस तो बारीक आवाज होता हे मला ठाऊकच नव्हतं, थांबला तेव्हा कळलं. थोरला म्हणाला, "हे बरं आहे, निदान माझ्याशी तरी अजून भांडतेस," आणि मास्तरच्या शेजारून, त्याच्या गुडघ्याला जवळजवळ घासून, खाली उतरून गेला. मास्तरनं त्याला वाट करून देण्यासाठी आपले पाय बाजूला घेतले आणि त्याच्या पायांकडे बघितलं. मी दाराची चौकट धरून बाहेर आले. "मास्तर, मी उगाच बोलले रे." "हो, आई." "आई बोलते पोराला. त्याचा अर्थ तो नसतो." "नाही ना, आई." "त्याला हात लावायचा नाही. समजलं?" "समजलं, आई." मला त्या समजलंचा भरवसा वाटेना. "काय समजलं? बोलून दाखव." त्यानं माझ्याकडे बघितलं, मायेनं, खरंच मायेनं, आणि म्हणाला, "की तुमच्या तोंडून गेलं, पण तुमच्या नावावर यायला नको."

मी धाकट्याला निरोपावर निरोप पाठवले. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो आला. अंगानं सुटलाय हल्ली, जिना चढला की धापा टाकतो. पंख्याखाली बसला. मी आडपडदा ठेवला नाही. म्हटलं, "थोरल्याचं काय ठरलंय?" "कुणाचं काय ठरलंय? मी काही बोललोय का कुणाला?" "काय म्हणालास तू? शब्द सांग." तो नखं बघत बसला. "एवढंच म्हणालो की दादाचं काय करावं, कळत नाही." मी पलंगाच्या कडेवर टेकले. "मग आता सांग त्यांना, काही करू नका म्हणून. स्पष्ट शब्दांत सांग." "असं सांगता येत नाही, आई." "का? जीभ झडली?" "आज भावाला सोडलं तर उद्या सगळ्या गल्लीचे भाऊ साक्षीला उभे राहतील. आणि माझी माणसं काय म्हणतील? यांनी आपापल्या घरच्यांना हात लावलाय माझ्यासाठी. एकानं तर मेव्हण्याला..." तो थांबला. रुमालानं मान पुसली. "तुला वाटतं मी सांगतो आणि ते करतात. तसं असतं तर सोपं होतं. मी थांबा म्हणालो की ते आधी एकमेकांकडे बघतात, हा मऊ झाला का म्हणून. मऊ झालेल्याचं पुढे काय होतं ते मी बघितलंय. मीच केलंय." आणि एकदम तो मला लहान दिसला, त्या बाकावरचा, पाय न हलवणारा. माझ्या मनात दया आली असती. पण दयेच्या आधी थोरल्याचे पाय आले, ब्रेकवर ठेवायचे पाय, आणि मी उठले आणि माझं तोंड उघडलं, सगळं आयुष्य जे तोंडात साठवलं ते घेऊन. "मग ऐक, मुडद्या. तुझं..."

"आई, हळू," तो म्हणाला.

दटावून नाही म्हणाला. विनवून म्हणाला. आणि त्याचे डोळे माझ्याकडे नव्हते, दाराकडे होते. दार अर्धं उघडं होतं आणि जिन्यातली ती बारीक चावण्याची कुरकुर थांबली होती. मी माझ्या पोराच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पंखेवाल्याच्या दुकानातलं ते हसू, ती नजर, तो आंबूस वास, सगळं मला इथे, माझ्या पलंगाशेजारी सापडलं. हा घाबरला होता. माझ्या शापाला, जो कधी लागत नाही. मी तुझं तळपट होवो म्हणाले असते तर दाराबाहेर बसलेल्या नीट भांगाच्या माणसाला ते समजलं असतं, आणि त्याला समजून घ्यायची किती हौस आहे ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. गाव चालवणारा माझा मुलगा, आणि एका म्हातारीच्या तोंडातलं अर्धं वाक्य त्याच्या मानेवर टांगलेलं.  ते अर्धं वाक्य मी गिळलं. आयुष्यात गिळलेलं पहिलं. मग मी हाक मारली, अगदी गोड, मलम आणून दिल्यावर मारते तशी, "मास्तर, आत ये रे जरा." तो आला. काडी काढून खिशात ठेवली. मी त्याच्याकडे बघून बोलले. आवाज चढवला नाही. आजवर इतक्या हळू मी कुणाशी बोलले नव्हते. "थोरल्याच्या केसाला धक्का लागला, तर त्यानंतर या धाकट्याचं कुणी काही केलं तरी मी रडणार नाही. कुणालाही, का केलंस म्हणून विचारणार नाही. उलट त्याला माझ्या हातानं वाढीन."  धाकट्याच्या चेहऱ्यावरचं रक्त कुठे गेलं कुणास ठाऊक. मास्तर त्याच्याकडे बघत होता, पहिल्यांदा बघितल्यासारखा, मापं घ्यावीत तसा. मग माझ्याकडे वळला. "समजलं, आई."

थोरल्याला काही झालं नाही. त्यानं ठाण्यात जाऊन साक्ष लिहून दिली, स्वतःच्या पायांनी गेला आणि स्वतःच्या पायांनी आला. चष्मेवाल्यानं तक्रार मागे घेतली ती गोष्ट वेगळी. तो कुठल्यातरी गावी मुलीकडे गेला म्हणतात. थोरला आता डेपोत छाती काढून सांगतो, आपण भ्यायलो नाही की कुणी काही करत नाही. मी त्याला काही सांगत नाही. एका मुलाला तरी आपल्या पायांवर विश्वास असू द्यावा. भांडायला तो येतो अधूनमधून, आणि मी त्याला मेल्या म्हणत नाही. तो म्हणतो, आई, तू म्हातारी झालीस.

धाकटा पूर्वी महिनोनमहिने घरी फिरकायचा नाही, बायको इथे आणि हा मालधक्क्यावर. आता रोज दुपारी जेवायला माझ्याकडे येतो. चार माणसं बरोबर असतात, मास्तरही असतो, सगळ्यांना मीच वाढते. ताट समोर आलं तरी तो हात लावत नाही. म्हणतो, "आधी आई. आईनं घास घेतल्याशिवाय मी जेवणार नाही." आणि स्वतःचं ताट माझ्यापुढे सरकवतो. माणसं एकमेकांकडे बघून माना हलवतात. गल्लीत नाव झालंय त्याचं, आईची अशी सेवा करणारा मुलगा लाखात एक. खालच्या मजल्यावरची परवा म्हणाली, भाग्य लागतं हो. मी त्याच्या ताटातला घास उचलते, थोडं याचं, थोडं त्याचं, काही सुटायला नको म्हणून. चावते. गिळते. तो माझ्या गळ्याकडे बघत थांबतो, बराच वेळ. मग जेवायला लागतो.